मर्सिडीज डब्ल्यू १२४ आयडलला थरथरते? आधी वायरिंग बघा

तुमची मर्सिडीज ई २२० आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते म्हणून प्लग, कॉइल, सेन्सर असं एकेक बदलत सुटू नका. पैसे जातील आणि गाडी तशीच हलत राहील. तुमची ई २२० म्हणजे नव्वदच्या दशकात पुण्यात जोडलेली डब्ल्यू १२४ पिढीतली गाडी. त्या काळातल्या अनेक एम १११ इंजिनांच्या (ई २२०मधलं इंजिन हेच) वायरिंग हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, इन्सुलेशन उष्णतेने वाळतं आणि हात लावला की बिस्किटासारखं चुरतं. इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजेक्टरच्या कनेक्टरमागचं रबर हलकेच मागे सरकवा. आत उघडं तांबं दिसलं की हार्नेस नवाच टाका. टेप गुंडाळून भागत नाही, मेकॅनिक काहीही म्हणो. थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटरची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) वायरही त्याच जातीची, तीही बघून घ्या.

वायरिंग धड निघालं तर व्हॅक्यूमचे पाइप. आयडलला हलते पण रेस दिली की सुरळीत चालते, तर बाहेरची हवा आत शिरतेय असा संशय घ्या. ब्रीदरचा पाइप (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारा) वाकवून बघा; चीर बहुधा खालच्या बाजूला लपलेली असते. प्लग-कॉइल त्यानंतर. आणि हो, इंजिनचा आवाज एकसारखा आहे, फक्त स्टिअरिंग थरथरतंय, तर इंजिनचे माउंट, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, दबून खराब झालेत का ते आधी पाहा.