मित्सुमाता (ज्याच्या सालीपासून जपानी कागद बनतो ते झुडूप) लावलंय? मग हे वाचा

अहो, हिवाळ्यात पानं गळली म्हणून झाड मेलं समजून उपटू नका हं, मित्सुमाता असंच असतं, आधी उघड्या फांद्यांवर पिवळ्या सुवासिक फुलांचे गुच्छ लटकतात आणि पालवी नंतर फुटते. प्रत्येक फांदीला 3 फाटे, जपानी नावाचा अर्थही तोच. अर्धी सावली द्या, माती ओलसर ठेवा पण पाणी साचू देऊ नका, आणि विदर्भातल्या उन्हात तर नादच सोडा.

कागदासाठी लागते ती आतली पांढरी साल, जपानात साधारण दर 3 वर्षांनी फांद्या तोडून वाफवतात, मग साल सोलून वरचा काळा थर खरवडतात. येनच्या नोटांच्या कागदातही हीच साल असते, हल्ली नेपाळच्या डोंगरातून अर्गेलीची, म्हणजे मित्सुमाताच्याच जातकुळीतल्या झुडपाची, साल तिकडे जाते. फांदी इतकी लवचिक की चक्क गाठ मारता येते, हळूच मारून बघा!