गाणी बनवायच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स सेटिंग्ज कुठल्या ठेवायच्या?

प्रश्न : नमस्कार, मी घरीच रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. कॉम्प्युटर विंडोजचा आहे, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आहे आणि वेगळं कार्ड पण आहे. ट्रॅक वाढले की आवाजात कट-कट येते, खास करून प्लगिनची विंडो उघडली किंवा भराभर स्क्रोल केलं की. सीपीयूचा मीटर मात्र निम्म्यापर्यंतही जात नाही. एक मित्र म्हणतो ग्राफिक्सचं सगळं हाय परफॉर्मन्सवर टाक, दुसरा म्हणतो कार्डच काढून टाक. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुम्ही लक्षण अगदी नेमकं लिहिलंय त्यामुळे काम सोपं झालं. विंडो उघडल्यावर कट-कट आणि सीपीयू मात्र मोकळा, म्हणजे मशीनची ताकद पुरतेय पण वेळ चुकतेय.

ईक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, व्हर्च्युअल वाद्यं, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडलेले तुमचे प्लगिन, हे जवळपास सगळं सीपीयूच करतो, ग्राफिक्सकडे फक्त चित्र काढायचं काम, वेव्हफॉर्म, मीटर, प्लगिनच्या विंडो वगैरे. आता बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पल आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल ते, 48 किलोहर्ट्झ असेल तर आवाजाचा एकेक तुकडा तयार करायला सीपीयूला साधारण 2.7 मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात झाला नाही की कट ऐकू येतो. आणि विंडोजमध्ये कुठलाही ड्रायव्हर मध्येच येऊन सीपीयूचा वेळ घेऊ शकतो, त्याचं उरकेपर्यंत त्या कोअरवरचं बाकीचं काम थांबून राहतं, यालाच डीपीसी लेटन्सी म्हणतात. तबलजी कितीही तयारीचा असू दे, समेवर आला नाही तर काय उपयोग, तसंच हे. म्हणून ग्राफिक्सकडून आपल्याला वेग नकोय, त्याने वेळेत आपलं काम उरकून बाजूला व्हावं एवढंच हवंय.

सेटिंग बदलायच्या आधी मोजून घ्या, हे मी कळकळीने सांगतेय कारण बरेच जण एका दमात पाच गोष्टी बदलतात आणि मग फरक कशाने पडला तेच कळत नाही. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू करा, तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट लूपवर लावा, दहा मिनिटं विंडो उघडा-बंद करा, स्क्रोल करा. मग ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कोणी खाल्ला ते बघा. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरचं किंवा डायरेक्टएक्स ग्राफिक्स कर्नलचं (हा विंडोजचाच ग्राफिक्सचा भाग) नाव वर आलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नेटवर्कचं नाव वर आलं तर वायफाय बंद करून परत मोजा, ग्राफिक्सला हातच लावू नका.

पहिलं काम ड्रायव्हरचं. कार्ड एनव्हीडियाचं असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या, तो दर नव्या गेमसाठी बदलत नाही आणि एडिटिंग वगैरेच्या सॉफ्टवेअरवर तपासून दिलेला असतो. टाकताना कस्टममध्ये जाऊन क्लीन इन्स्टॉल निवडा आणि मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज घेत नसाल तर त्यातला एचडी ऑडिओ ड्रायव्हर टाकूच नका. एएमडीच्या कार्डला फक्त ड्रायव्हर टाकायचा पर्याय असतो, तो घ्या, बाकीचा पसारा लागत नाही.

मग पॉवर. कार्ड रिकामं असलं की स्वतःचा वेग खाली आणतं, विंडो उघडली की वर नेतं, आणि काही मशीनवर ही वर-खाली होतानाच झटका बसतो. म्हणून एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमध्ये थ्रीडी सेटिंग्जमधलं पॉवर मॅनेजमेंट मोड मॅक्सिमम परफॉर्मन्सवर ठेवून बघा, पण सगळ्या सिस्टमला नको, प्रोग्रॅम सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला लावा, नाहीतर कार्ड उगाच तापतं आणि माईकशेजारी पंखा सुरू होतो. तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे. अँटी-अलायझिंग, टेक्स्चर फिल्टरिंग हे सगळं गेमसाठी, त्याला हात लावायची गरज नाही.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स म्हणून पान आहे, तिथे प्रत्येक सॉफ्टवेअरला कुठलं ग्राफिक्स वापरायचं ते ठरवता येतं. मॉनिटरची केबल ज्यात लावलीये तेच तिथे निवडा, नाहीतर चित्र एकीकडे तयार होतं आणि दुसरीकडे कॉपी करून दाखवावं लागतं. त्याच भागात हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग आहे (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सचा प्रोसेसर), 2020 च्या मे मधल्या विंडोज 10 च्या अपडेटपासून आलेलं, याने कुठे फायदा होतो कुठे उलटं, त्यामुळे चालू आणि बंद दोन्ही करून, दरवेळी रिस्टार्ट करून मोजा. काही प्लगिनच्या सेटिंगमध्येही ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय असतो, ते बंद केलं की विंडो काढायचा भार सीपीयूवर येतो, तेव्हा त्रास ठरावीक एकाच प्लगिनने होत असेल तर आधी तिथे बघा.

आता दुसऱ्या मित्राचं. कार्ड लगेच काढू नका, केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा, डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड डिसेबल करा आणि दोन-चार दिवस काम करा. कट-कट गेली आणि तुम्ही व्हिडिओ एडिटिंग, गेम, किंवा गाण्यातून आवाज वेगळा करणारं एआयवालं सॉफ्टवेअर यातलं काही वापरत नसाल तर खुशाल काढा, मशीन शांत होईल. आणि हो, मिक्सिंग करताना बफर 512 किंवा 1024 ठेवत जा, 128 ची गरज फक्त गाताना-वाजवताना असते.

प्रश्न : वेगळं कार्ड नाहीये. दोन मॉनिटर, त्यातला एक 4के, चालतील का? 4के वर माउस जड वाटतो.

उत्तर : अलीकडच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एवढं आरामात ओढतं. माउस जड वाटतोय म्हणजे बहुतेक 30 हर्ट्झवर चाललंय, एचडीएमआय 1.4 च्या पोर्टमधून 4के तेवढंच मिळतं, एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2 असेल तर 60 मिळतं आणि आपल्या कामाला 60 भरपूर झालं. रॅम एकाऐवजी दोन स्टिकमध्ये घ्या कारण हे ग्राफिक्स त्याच रॅममधून खातं. दोन मॉनिटरवर स्केलिंग वेगवेगळं असेल तर काही जुने प्लगिन धूसर दिसतात किंवा विंडो भलत्याच आकाराची उघडते, जमेल तर दोन्हीकडे सारखं ठेवा.

प्रश्न : स्क्रोल केलं की स्पीकरमधून बारीक किर्र आवाज येतो. ग्राफिक्सचीच सेटिंग का?

उत्तर : नाही, हा विजेचा आवाज आहे. गाणं एक्सपोर्ट करून फोनवर ऐका, त्यात तो नसेल. कार्डवरचा भार बदलला की ती गडबड यूएसबी आणि ग्राउंडमधून स्पीकरपर्यंत पोचते. ऑडिओ इंटरफेस (माईक-स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) ते स्पीकर बॅलन्स्ड केबल, म्हणजे टीआरएस किंवा एक्सएलआर, वापरा आणि कॉम्प्युटर-स्पीकर एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. मात्र अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, शॉक बसू शकतो.