टोकियोत असूनही चोवीस तास लांब

प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे. तिने ॲटलसमध्ये जपानच्या खाली समुद्रात ओगासावारा नावाचे ठिपके पाहिले, म्हणते हे टोकियोतच येतात. एवढ्या लांब टोकियो कसं काय? विमान पण जात नाही म्हणे, मग लोकं राहता कसे? आणि आमच्यासारखी केळी होते का तिथं? (एक वाचक, रावेर)

उत्तर : मुलीचं अगदी बरोबर आहे. ही तीसेक बेटं टोकियोपासून हजार किलोमीटर दक्षिणेला आहेत पण कारभार टोकियोचाच, गाड्यांच्या नंबर प्लेटवरसुद्धा टोकियोतल्या शिनागावाचं नाव असतं. भुसावळहून दिल्ली जवळपास तेवढीच, फक्त इथं मध्ये सगळा समुद्र आणि विमानतळ नाही, त्यामुळे ओगासावारा मारू हे जहाज, साधारण आठवड्याला एक फेरी, चोवीस तासांचा प्रवास. गावं फक्त चिचिजिमा आणि हाहाजिमा या दोन बेटांवर, दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आसपास माणसं.

आता राहतात कसे, तर सगळं त्या जहाजावर. जहाज यायच्या आदल्या दिवशी दुकानातले भाजी-दुधाचे रॅक रिकामे झालेले असतात आणि जहाज लागलं की माल उतरवून लावेपर्यंत लोक पिशव्या घेऊन हजर. हाहाजिमाला शाळा नववीपर्यंतच, म्हणजे तुमच्या मुलीएवढी पोरं पुढच्या शिक्षणाला घर सोडून चिचिजिमाला नाहीतर थेट टोकियोकडे जातात. बाळंतपणाची सोय बेटावर नाही, बायकांना आधीच निघावं लागतं. पेशंट फारच सिरीयस असेल तर नौदलाचं पाण्यावर उतरणारं विमान बोलावतात.

मग विमानतळ का नाही? मागे शेजारच्या आनिजिमा बेटावर करायचं ठरत होतं, पण तिथल्या दुर्मीळ गोगलगायी आणि झाडझुडपांमुळे ते बारगळलं. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती, त्यामुळे तिथं पोचलेले जीव आपल्या आपल्या वाटेने बदलत गेले. गोगलगायींच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जगात दुसरीकडे नाहीतच, म्हणून तर २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. चिचिजिमावर बाहेरून आलेल्या एका चपट्या किड्याने गोगलगायींचा फडशा पाडला, तो मातीतून पुढे जाऊ नये म्हणून हाहाजिमाला जाणाऱ्यांच्या बुटांचे तळवे समुद्राच्या पाण्याने धुतात. मला हे जपणं फार मोलाचं वाटतं, पण इथं बसून विमानतळ नको म्हणणं सोपं आहे हो, पोटातलं बाळ घेऊन चोवीस तास जहाजात काढणाऱ्या बाईला आधी विचारलं पाहिजे.

या लोकांनी सोसलंय पण खूप. १८३० मध्ये हवाईहून आलेली गोरी आणि पॅसिफिक बेटांवरची मंडळी इथं पहिल्यांदा वसली, १८७६ मध्ये जपानचा अंमल आला, ऊस-साखरेवर गावं भरभराटली. मग १९४४ मध्ये युद्धामुळे जवळपास सात हजार लोकांना घरं सोडायला लावली. युद्धानंतर बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती, तिने फक्त त्या जुन्या वसाहतवाल्यांच्या वंशजांना परत येऊ दिलं, बाकीच्यांना १९६८ ला बेटं जपानला मिळेपर्यंत, म्हणजे २४ वर्षं, आपल्या अंगणात पाय ठेवता आला नाही.

केळीचं म्हणाल तर होते, पण आपल्यासारखे मैलोन् मैल बागा नाहीत, पॅशनफ्रूट आणि लिंबू जास्त. केळी बुटकी, आंबटगोड. टायफून आला की आडवी पडते, ते दुःख तुम्हाला सांगायला नको. जपानच्याच दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर जी छोटी केळी आवडीने खातात ना, ती जात ओगासावारावरूनच तिकडे गेलेली आहे.