आधी पडदा ओढ

रामबाग, इंदूर

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

गुदद्वारातून आत वस्तू अडकलेल्या तुझ्या पेशंटबद्दल परवा फोनवर म्हणालास, "सर, पोट उघडावं लागलं, पण वाचला." नंतर बराच वेळ गप्प राहिलास, म्हणून लिहितोय.

असा पेशंट खरं सांगत येत नाही. "साहब, बवासीर है," नाहीतर "बाथरूम में फिसल गया." एका कुशीवर टेकून बसतो, नजर खाली. घरीच काढायच्या खटपटीत दोन-दोन दिवस गेलेले असतात. आधी पडदा ओढ, सोबतच्यांना बाहेर पाठव. मग विचार: काय आहे, कधीपासून, कुणी बळजबरी केली का. केली असेल तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होईलच, पण उपचार आधी.

बोट घालण्यापूर्वी एक्स-रे काढ. शिकाऊ असताना मी घाई केली आणि ग्लोव्ह फाडून काच बोटात रुतली. त्या पेशंटला आतून किती कापलं असतं, हे आजही मनातून जात नाही. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत डायफ्रामखाली, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, हवेची चंद्रकोर दिसली, पोट फळीसारखं कडक लागलं, तर आतडं फाटलंय असं समज, खालून ओढाओढ नाहीच. सलाईन, अँटिबायोटिक, थेट ऑपरेशन थिएटर.

पोट मऊ असेल तर स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, देऊन स्नायू सैल पडू दे. बाटली असली की वरच्या बाजूला व्हॅक्यूम होतो आणि तो तिला धरून ठेवतो. फोलीचा कॅथेटर, ती टोकाला फुगा असलेली नळी, बाटलीच्या कडेने वर सरकव, हवा सोड, फुगा फुगव, सावकाश खाली घे. पकड सुटल्याचं हाताला कळतं. मात्र सिग्मॉइडोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने, आतड्याची आतली भिंत पाहिल्याशिवाय त्याला टेबलावरून उतरवू नकोस.

सांवेर रोडच्या एखाद्या वर्कशॉपमधला पोरगा कुणी मस्करीत मागून कॉम्प्रेसरच्या हवेची नळी लावली म्हणून आला, तर एक्स-रेत वस्तू दिसणार नाही. आतडं मात्र फाटलेलं असू शकतं, कपड्यांवरून हवा सोडली तरी. त्याला "गॅस झालाय" म्हणून घरी पाठवू नकोस रे.

तुझ्या पेशंटच्या पोटावर आता कोलोस्टॉमीची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून शौच जमा होण्याची, पिशवी आहे. बहुतेकांची ती काही महिन्यांनी बंद करता येते. हे राउंडला सगळ्यांदेखत सांगू नकोस. संध्याकाळी एकटा जा, स्टूल ओढून बस आणि सांग. नातेवाइकांना काय सांगायचं, ते त्यालाच विचार. आणि त्याचा एक्स-रे कुणाच्या मोबाईलवर फिरत असेल, तर आजच डिलीट करायला लाव, तो तुझा सीनियर असला तरी.

तुझा,
सर