ट्रॅक डे चालू आहेत, मग रेसिंग स्कूलवर पैसे घालावेत का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: केटीएमची आरसी 390 ही बाइक आहे, चेन्नईच्या ट्रॅकवर काही ट्रॅक डे झालेत, आणि या वर्षी खर्च एकदाच करता येणार आहे. स्कूलची फी भरावी, की त्याच पैशात एक्झॉस्ट, ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणि मऊ कंपाउंडचे टायर घ्यावेत? शिवाय स्कूलच्या पहिल्या लेव्हलला ब्रेक न लावता गाडी चालवायला लावतात, हे ऐकून तुझा उत्साह मावळलाय.

स्कूलला जा. आणि ते बिनब्रेकचं सेशन तर अजिबात हलक्यात घेऊ नकोस.

ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, मोकळा ट्रॅक मिळतो, मार्शल असतात, अँब्युलन्स उभी असते. तुझं काय चुकतंय हे सांगणारं मात्र कुणी नसतं. सुरुवातीला लॅप टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, भराभर उतरतो, मग एका आकड्याशी अडून बसतो, आणि आपल्याला वाटायला लागतं की गाडीच कमी पडतेय. पिट लेनमध्ये हे बोलणं मी नेहमी ऐकतो. पण चाकणच्या कारखान्यातून निघालेली आरसी जशी आहे तशीच एखाद्या जाणकाराच्या हातात दे. तो तुझ्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरून येईल. एक्झॉस्टने सरळ रस्त्यावर थोडं काही पदरात पडेल, पण चेन्नईच्या मद्रास मोटर रेस ट्रॅकच्या 3.7 किलोमीटरमध्ये 12 वळणं आहेत. वेळ जातो तो तिथे.

साधं गणित बघ. 50 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 70 किलोमीटरने गेलास तर सुमारे 38 अंश झुकावं लागतं. तेच ताशी 80 ने गेलास तर 45 अंश. वेगात फक्त 10 चा फरक आणि झुकाव 7 अंशांनी जास्त. आता तू वळण लवकर घ्यायला लागलास, तर एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते ती जागा) लवकर येतो, बाहेर पडताना गाडी कडेला जायला लागते, आणि तिथे एकतर आणखी झुकवावं लागतं, नाहीतर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडावा लागतो. थ्रॉटल सोडला की वजन पुढच्या टायरवर येतं, सस्पेन्शन बसतं, ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो. भीती वाटते ती याच क्षणी, आणि आपण दोष देतो टायरला.

म्हणून पहिल्या सेशनला एकच गिअर आणि ब्रेक नाही. कीथ कोडने 1980 मध्ये सुरू केलेली कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल बरीच वर्षं चेन्नईला येते. तिच्या पहिल्या लेव्हलची सुरुवात थ्रॉटल कंट्रोलनेच होते: एकदा थ्रॉटल उघडला की वळण संपेपर्यंत तो एकसारखा, न झटकता, न थांबता उघडत न्यायचा. असं केलं की साधारण 40 टक्के वजन पुढे आणि 60 टक्के मागे राहतं, म्हणजे रुंद टायरवर जास्त भार. ऐकायला सोपं आहे. पण ब्रेक आणि गिअर काढून घेतल्यावर तुझ्या लक्षात येईल की वळणाच्या मध्यावर तुझं मनगट किती वेळा मागे-पुढे होतं. एरवी ब्रेकिंग, डाउनशिफ्ट आणि मागून येणाऱ्याची धास्ती या गडबडीत ते कळतच नाही. शिवाय ब्रेक नसल्यामुळे वळणात शिरण्याचा वेग आधीच ठरवावा लागतो. वेगाचा अंदाज असाच येतो, दुसरी वाट मला माहीत नाही.

पुढची सेशन्स टर्न पॉइंट (गाडी वळवायला सुरुवात करायची जागा), झटकन वळवणं, हँडलवर विनाकारण जोर न देणं आणि नजर यांची असतात. झटकन वळवणं म्हणजे धसमुसळेपणा नाही. त्याच वेगाने त्याच वळणात जाताना गाडी सावकाश झुकवलीस तर शेवटी जास्त झुकवावी लागते, झटकन झुकवलीस तर कमीत भागतं. यासाठी काउंटरस्टिअरिंग जाणूनबुजून करता आलं पाहिजे: उजवीकडे जायचं तर उजवा हँडल पुढे ढकलायचा. हात ताठ असतील तर हे जमत नाही. गुडघ्यांनी टाकी धरली की हात मोकळे होतात. गुडघा टेकवलेला फोटो हवा असेल, तर बॉडी पोझिशन हा तिसऱ्या लेव्हलचा विषय आहे. दुसरी लेव्हल सगळी नजरेची. हा क्रम मला मनापासून पटतो.

दिवसाची रचना अशी: वर्ग, लगेच वीसेक मिनिटांचं सेशन, उतरल्यावर कोचशी बोलणं, आणि पुन्हा वर्ग. ट्रॅकवर कोच मागून बघतो, मग पुढे येऊन आपल्या सीटच्या मागच्या भागावर थोपटतो, म्हणजे माझ्या मागे ये. तेव्हा त्याला गाठायला जाऊ नकोस. तो नेमका कुठे वळतो ते बघ. आणि सेशन संपल्यावर त्याने विचारलं तर जे खरंच झालं तेच सांग, थाप मारून तुझीच फी वाया जाते.

इथे पुण्याचं एक बोलायला हवं. स्कूलहून आलेली मुलं पुढच्याच रविवारी ताम्हिणीत किंवा वरंध घाटात ‘प्रॅक्टिस’ करतात, हे बघून माझा जीव खाली-वर होतो. घाटात रनऑफ (रस्ता चुकला तर गाडी थांबवायला कडेची मोकळी जागा) नाही, पिवळा झेंडा दाखवणारा मार्शल नाही, आणि वळणापलीकडे एसटी आहे, खडी आहे की गुरं बसलीत हे दिसत नाही. तिथे फक्त नजर वापर: वळायची जागा आधी हेर, तिथे पोचण्यापूर्वीच नजर पुढे टाक, आणि मग वळव. हे रोज सिंहगडाच्या पायथ्याशी दूध आणायला जाताना स्कूटरवरही करता येतं. वेग मात्र ट्रॅकवरच.

आता तयारी. आरसे काढायचे, लाइटवर टेप मारायची, ब्रेक पॅड आणि चेन नीट बघून घ्यायची. टायरची हवा गरम टायरवर, पिटमध्ये आल्याआल्या मोजायची. चेन्नईच्या उन्हात दाब झपाट्याने वाढतो. लेदर सूट घेताना गाडीवर बसून बघ. उभं राहिल्यावर खांद्यात थोडा आवळला तर हरकत नाही, बसल्यावर नीट बसला पाहिजे. हेल्मेट डबल डी-रिंगचं, म्हणजे दोन कड्यांतून पट्टा ओवून बांधायचं, घे. ओआरएस जवळ ठेव, आणि शेवटच्या सेशनला अंग जड वाटलं तर खुशाल सोडून दे.

नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे ट्रॅकवर पडलास तर दावा मिळेल असं धरून चालू नकोस, दुरुस्तीचे पैसे बाजूला ठेवूनच नीघ.

गाडी चालवत न्यायची का, हेही तू विचारलंस. कात्रज-देहूरोड बायपासचा 48 नंबरचा हायवेच पुढे कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू करत ट्रॅकजवळच्या श्रीपेरुंबुदूरवरून जातो, त्यामुळे मोह होणारच. पण साडेअकराशे-बाराशे किलोमीटरमध्ये मागचा टायर मधोमध चपटा होतो, तू दमलेला पोचतोस, आणि गाडी पडली तर परत आणायचा प्रश्न वेगळाच. दोघं-तिघं मिळून टेम्पो करा, किंवा रेल्वे पार्सलने पाठव. पार्सलसाठी टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसी बुकाची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि गाडी तुझ्याच ट्रेनने येईल याची खात्री नसते, म्हणून तीन-चार दिवस आधी बुक कर. स्कूलकडून गाडी भाड्याने मिळत असेल तर आधी तीच विचार, आणि पडल्यास नुकसान कोण भरणार हे लिहून घे.