डेस्कटॉप ॲपच्या चार कल्पना आहेत, त्यातली कुठली धरू?

तुझी यादी वाचली. चारही जमण्यासारख्या आहेत, म्हणूनच घोळ होतोय. कुठली जास्त भारी हे सोड. आधी बघ, ते काम आज कोण, कसं करतंय?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ऑर्डरींचा हिशेब वहीत नाहीतर एक्सेलमध्ये असेल, तर तुझी खरी स्पर्धा त्या वहीशी. दोन-तीन ठिकाणी जाऊन नुसतं बघत बस. "असं ॲप केलं तर वापराल का?" हे विचारूच नकोस. आपल्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, चहा पाजून पाठवतात.

मग प्रत्येक कल्पनेला हे लाव:

- डेस्कटॉपच का? मोठा पडदा, प्रिंटर, जड फाइली, नेटशिवाय काम. यातलं काहीच नसेल तर ती मोबाइलची कल्पना.
- रोज उघडलं जाईल की वर्षातून एकदा?
- पहिलं चालतं रूप महिन्याभरात होईल?

मला मराठी-कन्नड पावतीची कल्पना आवडली. निपाणी-खानापूरकडे दोन्ही लिप्यांचं काम पडतं, आणि श्रीलिपी-नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) आणणं हे एकच काम नीट केलंस तरी पुष्कळ.

लोगो आणि डार्क मोडमध्ये आठवडे घालवू नकोस. दोन कल्पना जोडून 'सगळंच करणारं' ॲप तर नकोच. ॲप बनवायला इलेक्ट्रॉन वापरायचं की क्यूट (Qt), ते नंतर बोलू. गिऱ्हाइकाच्या पीसीवर कुठलं विंडोज आहे ते मात्र आत्ताच बघून ये. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून चालतं मशीन कोण टाकून देतंय?