पृथ्वीराज चौहानने शब्दवेधी बाणाने घोरीला खरंच मारलं होतं का?

नाही. गोष्ट झकास आहे, पण तारखाच जुळत नाहीत. ११९२ मध्ये तराइनच्या दुसऱ्या लढाईत पृथ्वीराज हरला, पकडला गेला आणि थोड्याच काळात मारला गेला. घोरी मेला १२०६ मध्ये, तोही पंजाबात, मारेकऱ्यांच्या हातून.

डोळे फोडलेला राजा, गझनीचा दरबार, राजकवी चंद बरदाईने दोह्यातून सांगितलेलं अंतर हे सगळं ‘पृथ्वीराज रासो’ या काव्यातलं, आणि त्याची हाती असलेली हस्तलिखितं कित्येक शतकांनंतरची. त्या काळचा फारसी लेखक हसन निजामी तर सांगतो, की पृथ्वीराजाला अजमेरला नेलं आणि कटाच्या संशयावरून ठार केलं.

मात्र ११९१ मध्ये त्याच तराइनला घोरी जखमी होऊन पळाला होता, हे खरं. वार मात्र पृथ्वीराजाच्या बाजूने लढणाऱ्या दिल्लीच्या गोविंदराजाचा. त्याचं नाव कुणी घेतच नाही!